मीठ-बर्फातली अमानत

८ एप्रिल, मंगळवार

निषेध! या घरात आजपासून माझ्या ताकाला आश्रय उरलेला नाही. सकाळी फ्रिजच्या दारातून माझा तांब्या उचलून ओट्यावर ठेवण्यात आला. सूचना नाही, सुनावणी नाही. त्या जागी आता अक्काच्या इंजेक्शनांचा खोका विराजमान. मी म्हटलं, अक्का, आयुष्यभर अतिक्रमणाच्या बातम्या दिल्या मी, आणि माझ्याच घरात? ती म्हणाली, "मंग दे पेपरात. धाड येथे ताक बेघर."

ही वही नवी आहे, हिला कोण कुणाचं हे ठाऊक नाही. तेव्हा ओळख करून देतो. मी धाड गावचा वार्ताहर; पाठशाळेत शिकलो म्हणून गाव शास्त्रीजी म्हणतं. अक्का म्हणजे जनकाबाई, माझी थोरली बहीण. मेहुणे गेल्यापासून इथंच असते. मी लग्न केलं नाही, त्यामुळे बोलणी खाण्याची सोय तिच्याकडूनच होते. तिची मूत्रपिंडं थकली आहेत. दर बुधवारी आणि शनिवारी जीपनं बुलडाण्याला जायचं, मशीनला लागायचं, संध्याकाळी परत. मशीन रक्त धुतं. पण नवं रक्त तयार करा असा निरोप हाडांच्या आतल्या मगजाला पाठवणं हे मूत्रपिंडाचं काम, आणि ते आता बंद पडलंय. तो निरोप औषधाच्या दुकानात मिळतो, या इंजेक्शनात. असं डॉक्टर म्हणाले.

म्हणजे निरोप्या गारव्यात आणि ताक उन्हात. कलियुग!

११ एप्रिल, शुक्रवार

गल्लीतली विजेची डीपी जळाली. जाता जाता तिनं असा काही दाब सोडला की आमच्या फ्रिजनंही देह ठेवला. मेकॅनिक म्हणतो, उद्या येतो. त्याचा उद्या मला ठाऊक आहे.

इंजेक्शनांचं काय? तौसिफ म्हणाला — आपला मेडिकलवाला, त्याच्याकडूनच आणतो सगळं — "काका, माह्या दुकानात इन्व्हर्टर आहे. खोका इथंच राहू द्या. लागल तसं एक एक न्या." मी म्हटलं, बघू. त्याचं दुकान कधी उघडं, कधी बंद. शिवाय आपल्या माणसाचं औषध दुसऱ्याच्या कपाटात कशाला?

उपाय दारासमोरच सापडला. जाकीर कुल्फीवाला! त्याचा तो लाकडी पेटारा, आत पत्र्याचा डबा, भोवती बर्फ आणि खडे मीठ. वीज असो नसो, बर्फाची लादी रोज येते. महावितरणपेक्षा जाकीर भरवशाचा. इंजेक्शनं प्लॅस्टिकच्या डब्यात घालून त्याच्या हवाली केली. छातीवर हात ठेवून म्हणाला, "बेफिकर राहा शास्त्रीजी. अमानत आहे तुमची."

तस्मात्, अक्काचा निरोप्या मलाई-पिस्त्याच्या शेजारी कैलासवासी झाला. चुकलो, कैलासनिवासी.

१६ एप्रिल, बुधवार

डायलिसिस. निघताना जाकीर डबा देत म्हणाला, "अक्कासाठी मीठ डबल मारलं हो." खरोखर, सिरिंज दगडासारखी! आत पांढरा खडा. औषध थंड ठेवावं असं सांगितलंय, मग अधिक थंड म्हणजे अधिक उत्तम. जीपमध्ये मुठीत धरून बसलो. बुलडाणा येईपर्यंत पुन्हा पाण्यासारखं नितळ झालं. अक्का शेजारच्या बाईला म्हणाली, "अंडं उबवून राह्यला माह्या भाऊ."

३० एप्रिल, बुधवार

हिमोग्लोबिन वाढायचं सोडून उतरलं. डॉक्टरांनी विचारलं, इंजेक्शन नियमित चालू आहे ना? मी म्हटलं, मी स्वतः आणतो, माझ्यासमोर देतात. मग दोष कुणाचा? परतताना अक्काला जीपमध्येच झापलं. पालेभाजी खात नाहीस, गोळ्या चुकवतेस, डॉक्टरांपुढं मान डोलावतेस. ती म्हणाली, "खातो रे बाप्पा, सारं खातो." घराच्या तीन पायऱ्या. दुसरीवर ती थांबली. मी वर उभा राहून "चल" म्हणालो.

७ मे, बुधवार

रक्ताची पिशवी चढवावी लागली. डॉक्टर जाता जाता सहज म्हणाले, "औषध बरोबर आहे ना? घेता कुठून?"

एवढंच. पण हे वाक्य जीपभर माझ्याबरोबर आलं.

९ मे, शुक्रवार

आठवलं! मार्चमध्ये तौसिफचा माल जीपच्या टपावरून आला होता. भर उन्हात खोके. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यात हे इंजेक्शन होतं की खोकल्याची औषधं, ते मी पाहिलं नव्हतं. पण माणूस एकदा बातमीच्या मागं लागला की असले तपशील रस्ता सोडून उभे राहतात.

दुपारीच लिहून पाठवली. 'डायलिसिसच्या रुग्णांना निकामी इंजेक्शनं?' नाव दिलं नाही. 'धाड येथील एका औषध दुकानातून' एवढंच. गावात मेडिकल दोन, त्यातलं एक गुरांच्या औषधांचं. नाव द्यायची गरजच काय! डेस्कवरचे शेषराव खूश. "वा शास्त्रीबुवा! नाहीतर तुम्ही आपलं सप्ताह आणि सत्कार."

११ मे, रविवार

पहिल्या पानावर. दिवसभर फोन. जेवण गोड लागलं.

१३ मे, मंगळवार

बातमी मोबाइलवर फिरते आहे. माझं प्रश्नचिन्ह वाटेत कुठंतरी गळलं. तौसिफचं पूर्ण नाव आलं, दुकानाचा फोटो आला, आणि खाली अशा दोन ओळी आल्या ज्या मी या वहीत लिहिणार नाही. स्टँडवर एक जण माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बरं केलं शास्त्रीजी. या लोकायले असंच पाह्यजे."

मी चहा पीत होतो. पीत राहिलो.

१४ मे, बुधवार

अक्का मशीनला लागलेली, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपली. म्हणाली, "ईदच्या दिवशी शटर उघडून औषध देल्लं त्या पोरानं. तू त्याले एकडाव इचारलं तरी का?"

मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं.

"माह्या नावावर नोको लिहू ते."

१५ मे, गुरुवार

तौसिफ आला होता. बस म्हटलं, बसला नाही. उंबऱ्याबाहेरच उभा. मी मनात उत्तरं जुळवून ठेवली होती: जनहित, वृत्तपत्राचं स्वातंत्र्य, वगैरे. तो म्हणाला, "काका, एक फोन कराले पाह्यजे होता." आणि गेला. माझी सगळी उत्तरं तशीच शिल्लक.

आता औषध बुलडाण्याहून आणतो. ठेवायला जाकीर आहेच.

१९ जून, गुरुवार

हे सगळं आजच लिहून काढलं पाहिजे, नाहीतर उद्या मी त्यातलं सोयीचं तेवढंच लिहीन.

शेषरावांनी पाठवलं होतं. बुलडाण्याच्या कॉलेजात व्याख्यान. डॉ. समीना, मूळच्या साखरखेर्ड्याच्या, आता हैदराबादेत संशोधन करतात. विषय: प्रथिनाचा आकार आणि त्याचं काम. दोनशे शब्द आणि एक फोटो. मी समोशाच्या आशेनं पुढच्या रांगेत बसलो.

बाईंनी पिशवीतून एक लांबलचक फेटा काढला. प्राचार्यांच्या डोक्याला बांधला. हशा. मग सोडून टेबलावर टाकला. "कापड तेच. वजन तेच, रंग तोच. एक धागा कमी झाला नाही. पण आता यात सरांचा मान कुठं आहे, सांगा?" मग म्हणाल्या, प्रथिन म्हणजे असंच, शंभरावर मण्यांची एक लांब माळ. ती विशिष्ट पद्धतीनं घडी घालून बसते. शरीरात जी प्रथिनं निरोप नेतात, त्यांच्या बाबतीत ही घडी म्हणजेच निरोप. तो वेगळा कुठं लिहिलेला नसतो.

आणि उदाहरणाला त्यांनी जे नाव घेतलं — एरिथ्रोपोएटिन — ते अक्काच्या खोक्यावरचं! मी ताठ बसलो. आपल्या घरातल्या माणसाचं नाव सभेत घेतल्यासारखं वाटलं.

माळ चार पिळांची जुडी करून उभी राहते, म्हणाल्या. त्यामुळे तिला दोन बाजू मिळतात. मगजातल्या पेशीच्या दारावर दोन पहारेकरी. हा निरोप्या एका बाजूनं एकाला धरतो, दुसऱ्या बाजूनं दुसऱ्याला, आणि दोघांना जवळ ओढतो. तेव्हाच आत कळतं की रक्त तयार करायचंय. "सोयरीक जुळवणारा असतो ना, तसं. दोन्हीकडचे एका बैठकीत बसवले तर लग्न. एकाच घरी पोहे खाऊन परत आला, तर?" पोरं हसली. मग म्हणाल्या, आम्ही प्रयोगशाळेत एका बाजूचा एकच मणी बदलून पाहिला. निरोप्या पेशीपर्यंत बरोबर गेला, एका पहारेकऱ्याला धरून बसला. दुसरा हाताला लागेना. आत सामसूम. वर दार अडवून बसला ते वेगळंच!

आणखी एक गंमत सांगितली. या प्रथिनाच्या अंगावर साखरेच्या फांद्या असतात. त्यांची टोकं खुडली तर परीक्षानळीत ते उलट जास्त जोमानं काम करतं. पण शरीरात गेलं की यकृत त्याला लगेच उचलून नेतं. म्हणजे गुण अंगात असून भागत नाही, वाटेत टिकायलाही हवं.

मी झपाट्यानं लिहून घेत होतो. पाठशाळेत माती आणि घट यांवर आम्ही महिनोन्महिने वाद घातला होता. घट फुटला तरी माती जाते कुठं, द्रव्य तर तेच, इत्यादी. पाणी मग कशात भरायचं, हे कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी प्रश्न. कुणी हात वर करेना, तर मीच केला. प्राचार्यांना बरं वाटावं म्हणून विचारलं, हो, अगदी त्याचसाठी: "मॅडम, हे औषध गोठलं तर काय होतं?"

"फेकून द्यायचं."

"पण पुन्हा वितळलं तर?"

"तरी फेकायचं, काका. बर्फ धरताना पाणी आपलं आपलं वेगळं होतं. उरलेल्या कोपऱ्यात क्षार आणि प्रथिन यांची चेंगराचेंगरी. घडी उकलते. वितळल्यावर ती उकललेली माळ शेजारणीला चिकटते, गुंते होतात. आपल्याला दिसतं काय? नितळ पाणी. सुईत तेवढंच औषध. निरोप मात्र नाही." मग सहज म्हणाल्या, "का? कुणाचं गोठलं का?"

मी म्हटलं, नाही, आपलं सहज.

समोसे होते. खाल्ले नाहीत.

२० जून, शुक्रवार

दोनशे शब्द पाठवले. गोठण्याचं वाक्य वगळलं.

२१ जून, शनिवार

उरलेली इंजेक्शनं जाकीरकडून आणली आणि मोडून टाकली. बुलडाण्याच्या दुकानातून गार पिशवीत एक घेतलं, सरळ मशीनवर नेलं. जाकीरला सांगितलं, जुना फ्रिज मिळतोय एक, आता तुला त्रास नको. त्याचा चेहरा पडला. "आमच्याकडून काई कमी पडलं का शास्त्रीजी?" मी म्हटलं, नाही रे बाबा. "कमी पडलं असन तं बोला. मीठ मी तं हात राखून नाई टाकलं."

अरे जाकीर!

२६ जून, गुरुवार

सबबींची यादी मनात रोज नवी होते. उन्हातले खोके मी पाहिलेच होते. डॉक्टरांनीच संशय घेतला होता. नाव मी कुठं छापलं? सगळ्या सबबी शुद्ध, व्याकरणाला धरून. एकही उपयोगाची नाही. तौसिफच्या दुकानावरून जाताना मी रस्त्याची दुसरी बाजू धरतो. आज दुकानात तो एकटाच होता. काउंटर पुसत होता. पुसलेलंच पुसत होता.

२८ जून, शनिवार

सांगितलं. डायलिसिसहून आल्यावर अक्काला घरी सोडलं आणि तसाच गेलो, नाहीतर गेलोच नसतो.

तौसिफनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "कुल्फीच्या डब्यात?"

"हो."

"मीठ टाकून?"

"हो."

"काका, खोक्यावर लिहेल असते. गोठवू नका."

"बारीक अक्षरात आहे रे. इंग्रजीत."

"तुम्ही तं पोथ्या वाचता!" तो हसला. ते हसणं मला आवडलं नाही, आणि आवडायला ते नव्हतंच. मग त्यानं डोळे पुसले. म्हणाला, "अम्मीनं बाजारात जाणं सोडलं. लोक तोंडावर काही बोलत नाईत, पण दुकान बदलतात. मले वाटे खरंच माह्याच मालात खोट आली का? दोन खेपा मी स्वतः परत पाठवल्या. चांगल्या होत्या."

मी म्हटलं, मी छापतो. माझ्या नावासकट.

"छापा," म्हणाला. "माफीचं मग पाहू. अक्काची तबियत कशी आहे?"

१ जुलै, मंगळवार

शेषराव: "खुलासा देऊ ना. 'अनवधानाने' असा एक शब्द टाकू. वार्ताहराचं नाव कशाला? संस्थेची बदनामी."

मी म्हटलं, बातमीवर माझं नाव चालत होतं.

"ती बातमी होती, बुवा."

बराच वेळ भांडलो. नाव छापलं जाईल, 'अनवधानाने'ही राहील, असं ठरलं.

४ जुलै, शुक्रवार

छापून आलं. आतल्या पानावर, निविदा आणि दशक्रिया यांच्या मध्ये. गावच्या ग्रुपवर मी स्वतः टाकलं, 'चूक माझी, तौसिफचं औषध चांगलं होतं' असं ठळक अक्षरात. अंगठे आले भरपूर. त्यांच्या वर मेची ती बातमी अजून तशीच आहे. कुणी काढलेली नाही. स्टँडवरच्या त्या माणसाला मी धरून सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही साधे आहा शास्त्रीजी. दबाव आला असन."

बातमी पसरायला एक दिवस लागला होता. या दुरुस्तीची तर वाटच अडवून कुणी बसलंय.

५ जुलै, शनिवार

अक्काला पेपरातून कळण्याआधी सांगायला हवं होतं. पण ती आता पेपर धरू शकत नाही, हात दुखतात. म्हणजे माझ्या भित्रेपणाला तिच्या अशक्तपणानं सावरून घेतलं. आज परतताना सांगून टाकलं, सगळं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी दोन महिने माह्या अंगात कुल्फी घातली तू." आणि हसत सुटली. खोकला येईपर्यंत हसली. "अन् मले म्हने पालक खात नाई!"

मला हसू येईना.

"रडू नोको बे. लोक पाहून राह्यले. अन् आयक, जाकीरले सांगू नोको. मरून जाईन तो."

"तौसिफला पुढं केलं ना मी अक्का —"

"ते वाईट केलं," ती म्हणाली. "हे तं येडेपना आहे. ते वाईट आहे." आणि डोळे मिटले.

३० जुलै, बुधवार

नवा जुना फ्रिज आला. इंजेक्शन आता तौसिफ स्वतः आणून देतो, गार पिशवीत, आत छोटा तापमापक. अजून बसत नाही. उभ्यानं पाणी पितो, अक्काशी दोन शब्द बोलतो, निघतो. पाणी पितो एवढं मी मोजून घेतो.

औषध उत्तम, साठवण उत्तम. आणि हिमोग्लोबिन? उतरतंच आहे! रक्ताची पिशवी पुन्हा. दर वेळी वाटतं, या वेळी वर जाईल, जायलाच हवं. मी इतका सुधारलोय!

डॉक्टरांनी रक्त घेऊन कुठलीशी तपासणी पुण्याला पाठवली.

७ ऑगस्ट, गुरुवार

समीनाबाईंना फोन केला. या वेळी 'सहज' नाही म्हटलं. सगळं सांगितलं, मिठासकट. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "काका, क्वचित असं होतं. घडी मोडलेलं, गुंता झालेलं प्रथिन वारंवार टोचलं गेलं, तर शरीर त्याला शत्रू ठरवू शकतं. त्याच्याविरुद्ध शस्त्रं तयार करतं. मग पुढं नीट घडीचं आलं तरी ओळखत नाही. त्यालाही मारतं. शरीराचं स्वतःचं थोडंफार तयार होत असतं, त्यालासुद्धा."

मी विचारलं, आमच्याकडे तसंच झालं असेल का?

"रिपोर्ट येऊ द्या. आणि आला तरी कशामुळे झालं हे कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. नीट साठवलेल्या औषधानंही कधी कधी होतं."

त्यांनी दयेनं सांगितलं. मी ते वाक्य घरापर्यंत घट्ट धरून आणलं. उंबऱ्याशी आलो आणि ठेवून दिलं. माझ्यासारख्याच्या हाती असलं वाक्य असू नये.

२१ ऑगस्ट, गुरुवार

रिपोर्ट आला. समीनाबाई म्हणाल्या तसंच झालंय. इंजेक्शन आजपासून बंद, कुठलंही, कुणाच्याही दुकानातलं. दुसरी औषधं देऊन पाहू म्हणतात. तोवर पिशव्या. अक्कानं विचारलं, "पास का नापास?" मी म्हटलं, पाहू.

मला गावाची भीती नाही, पेपराची नाही, तौसिफ कधी बसेल की नाही याचीही नाही. अक्का मरेल, आणि माझ्या हातानं मरेल, याची मला भीती वाटते.